म्हशी जाऊन राहिल्या

ज्ञानोबा सूर्यवंशीला कधी झोपलेला कुणी पाहिला नाही आणि पुरता जागाही कुणी पाहिला नाही. नांदेडबाहेरच्या एका विमानपट्टीवर वायरलेसची खोली होती. तिच्यात तो अकरा वर्षं कानाला हेडफोन लावून बसला. विमान यायचं महिन्यातून दोनदा, बाकीचे दिवस कानात नुसती खरखर. त्याची बायको सुमनबाई गावभर सांगायची, "आमच्या मालकांना आभाळातलं ऐकू येतंय, माझं तेवढं येत न्हाई."

सुमनबाई राहायची चाकूरजवळच्या गावात, अंथरुणाला खिळलेल्या सासूपाशी. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला पाट्या मिळाल्या, साहेब मिळाले, जीपगाड्या मिळाल्या. पाऊस तेवढा मंजूर व्हायचा राहिला. लातूरच्या कचेरीत वायरलेसची एक जागा निघाली आणि ज्ञानोबाने बदलीचा अर्ज टाकला. शनिवारी एसटीचे धक्के खात जायचं, रविवारी टँकरपुढं घागरी धरायच्या, सोमवारी परत येऊन खरखर ऐकायची, यात माणूस शिवणीशिवणीतून उसवला होता. घरी राहावं, गरम भाकरी खावी, एवढंच त्याचं राजकारण.

अर्जावर फक्त सही राहिली होती. नेमके तेव्हाच मुंबईचे एक बडे साहेब दुष्काळ पाहायला विमानातून निघाले.

पट्टीच्या पलीकडे जनावरांची छावणी होती. ऐन दुपारी म्हशींचा कळप पट्टी ओलांडायला लागला. ज्ञानोबाने विमानाला ते कळवलं. तसं पाहिलं तर रेडिओवर इंग्रजीतच बोलायचं. पण ज्ञानोबाच्या पुस्तकातल्या इंग्रजीत वारा होता, धूळ होती, म्हैस नव्हती, म्हणून त्याने मराठीतच सांगितलं. वैमानिक निघाला पुण्याचा. पाच मिनिटांनी त्यानेही मराठीतच विचारलं, "काय हो, त्या म्हशींचं काय झालं?"

"म्हशी पट्टीवरून जाऊन राहिल्या. ओव्हर!"

"समजलं," विमान म्हणालं.

दोघांनाही समजलं होतं, फक्त वेगवेगळं. पुण्यात कुणी जाऊन राहिला म्हणजे गेला, पोचला, तिथं त्याने बिऱ्हाडही थाटलं. आपल्याकडं जाऊन राहिला म्हणजे गडी अजून पाय उचलतोय.

विमान खाली आलं. म्हशींनी सावकाश माना वर केल्या. ज्ञानोबा माइकमध्ये ओरडला, आणि अगदी शेवटच्या घडीला वैमानिकाने विमान वर ओढलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. बड्या साहेबांचं धोतर तेवढं भिजलं. ताक सांडलं म्हणे. ते धोतर धुणाऱ्या परटाला विचारलं, तर तो नुसता हसतो.

पण ताक असो की आणखी काही, चौकशी लागली. लातूरचा अर्ज फायलीत परत झोपला. चौकशीचे साहेबही पुण्याकडचेच. जबाब लिहायला नांदेडच्या कचेरीतला वीरण्णा कारकून. उदगीरचा, घरी कानडी बोलणारा, त्यामुळे शुद्ध मराठीची त्याला जास्तच हौस. ज्ञानोबा बोलत गेला तसतसं त्याने शुद्ध करून लिहिलं: 'म्हशी गेल्या आहेत, असे मी कळविले.'

ज्ञानोबाने वाचलं. "अण्णा, मी असं न्हाई म्हणलो."

"अर्थ तोच हाय की रे. शोभतंय तरी. कर सही."

"सही केली तर मी खोटा पडतो. लातूर गेलं माझं."

"मग काय लिहू? अडाण्यावानी?"

"मी बोललो तसंच लिवा."

साहेब वैतागले. "सूर्यवंशी, 'जाऊन राहिल्या' म्हणजे गेल्याच ना? किती फाटे फोडता?"

ज्ञानोबाला खरं तर सही करून टाकावीशी वाटली. अकरा वर्षांचा शीण एकदम बोटांत उतरला होता. त्याने पेन उचललंही. तेवढ्यात साहेबांनी घसा खाकरून हाक मारली, "मन्मथ! चहा आणला का?"

मन्मथ शिपाई निवृत्तीला टेकलेला. तो व्हरांड्याच्या टोकाकडून ओरडला, "आणून राहिलो, साहेब!"

साहेबांनी कागदातली नजर न काढता टेबलावर हात पुढे केला. हात रिकाम्या टेबलावर चाचपडत राहिला. चहा नव्हता. मन्मथही नव्हता. तो अजून स्टोव्हला पंप मारत होता.

साहेबांनी हाताकडे पाहिलं, मग ज्ञानोबाकडे. ज्ञानोबाने पेन खाली ठेवलं.

"वीरण्णा," साहेब हळूच म्हणाले, "हे बोलले तसंच लिहा."

ज्ञानोबा सुटला. यापुढे रेडिओवर स्थानिक भाषा वापरू नये, असा कागद तेवढा निघाला. म्हशींना इंग्रजीत काय म्हणायचं, ते त्यात नव्हतं. चार महिने गेले. सुमनबाईचं कार्ड आलं, 'सासूबाई विचारतात, कधी येता.' ज्ञानोबा ते खिशात घालून वीरण्णाच्या टेबलाशी गेला.

"अण्णा, माझ्या बदलीची ऑर्डर?"

वीरण्णाने मान वर केली नाही. "येऊन राहिली."

ज्ञानोबा तिथंच उभा राहिला. उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्या शब्दांचा अर्थ त्याला लागेना. विचारायलाही जीव होईना. मग तो परत खोलीत गेला आणि कानाला हेडफोन लावून बसला.