नवमीला पूजेत बसलेली स्कूटर

शहराच्या टोकाला असलेल्या मुरारहून मध्यवस्तीतल्या जयेंद्रगंजला मी रोज स्वतःच्या स्कूटरने जाते, या गोष्टीचं मला अजूनही नवल वाटतं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर आणि ती स्कूटर घरातलं पहिलं वाहन. दोन्ही एकाच वर्षी झालं. माझा बी.एस्सी.चा निकाल लागला, पाठोपाठ पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली, आणि दसरा-दिवाळी उरकल्यावर बाबा कुणाची तरी वापरलेली, राखाडी रंगाची स्कूटर घेऊन आले. त्यांना स्वतःला ती चालवता येत नव्हती. आमच्या गावी, डबऱ्याला, एका गोदामावर त्यांनी जन्मभर चौकीदारी केली, ती पायी किंवा सायकलवर. मी डबऱ्याच्याच शाळेत शिकले आणि माझ्या कॉलेजसाठी आम्ही मुरारला भाड्याच्या दोन खोल्यांत आलो.

स्कूटरचं सुख काय असतं, ते टेम्पोची वाट पाहिलेल्या माणसालाच कळेल. आमच्याकडचा टेम्पो, म्हणजे शेअर रिक्षा, सवाऱ्या भरेपर्यंत हलत नाही. तीन वर्षं मी कॉलेजला तशीच गेले, मांडीवर पिशवी, पिशवीवर दुसऱ्या कुणाचं तरी मूल. स्कूटर आली आणि निघण्याची वेळ माझी झाली. ठाठीपूर मागे टाकून एजी ऑफिसच्या पुलावर चढलं की उजव्या हाताला किल्ला दिसतो, सकाळच्या उन्हात नुकता उजळू लागलेला. रोज दिसतो, आणि रोज वाटतं, डबऱ्याची मुलगी या पुलावरून कामाला चालली आहे.

दुःखंही होती. मे महिन्यात दुपारी सीटवर ओला टॉवेल टाकल्याशिवाय बसता येत नाही. संध्याकाळी रुमाल धुतला की पाणी काळं होतं. पाठ तर कायमच बोलते. जानेवारीत धुकं इतकं दाट पडलं की पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून मी बैलगाडीच्या वेगाने गेले आणि चाळीस मिनिटं उशिरा पोचले. पावसाळ्यात पुन्हा एकदा, मागचं चाक पंक्चर झालं म्हणून. दोन्ही वेळा माझी वाट बघत रुग्ण उपाशीपोटी बसले होते. वर्षभर माझी नेमणूक कच्ची होती. लॅबच्या डॉक्टरसाहेबांनी शांतपणे सांगितलं की तिसऱ्यांदा असं झालं तर पक्कं पत्र निघणार नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

माझं काम असं की साडेसहाला हरिशंकरपुरममध्ये घरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि साडेसातला जयेंद्रगंजला लॅब उघडायची. म्हणजे घरून पावणेसहाला निघायचं.

वर्ष संपायला एक महिना उरला होता, तेव्हा खंडेनवमी आली.

आमचे पूर्वज दक्षिणेतून इथल्या संस्थानाच्या फौजेत आले. फौज गेली, जमीन गेली, पणजोबांची एक तलवार तेवढी राहिली. नवमीला तिची पूजा होते. सोबत आईची विळी, कात्री, बाबांची चौकीदारीची काठी, सगळं पाटावर मांडतात. एकदा पूजेत बसलेलं शस्त्र दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळीच उचलायचं. त्या दिवशी आमच्याकडे भाजीसुद्धा चिरत नाहीत, वरणभातावर भागवतात. आजूबाजूच्या हिंदी शेजाऱ्यांना याची गंमत वाटते. ते दसऱ्याला गाडीला हार घालतात आणि लगेच मेळ्याला जातात.

आदल्या दिवशी दुपारी मी लॅबमधून येताना नई सडकवरून झेंडूच्या माळा आणल्या. नवमीला लॅब चालू असते, हे सांगायचं मला सुचलं नाही. सणाला सगळं बंद असतं, असं बाबा धरून चालले. पहाटे मी तयार होऊन बाहेर आले तर अंगणात स्कूटर रांगोळीवर उभी होती. न्हाऊन चकचकीत, हँडलला माळ, आरशांवर हळदीकुंकवाची बोटं. आणि किल्ली आत देवासमोर, पाटावर, तलवारीच्या शेजारी, अक्षता वाहिलेली.

घरात वाहन असलेली ही पहिलीच नवमी. स्कूटर शस्त्रात मोडते की नाही, हा प्रश्न आमच्याकडे कधी आलाच नव्हता. बाबांनी तो एकट्याने सोडवला होता आणि स्कूटरला तलवारीच्या बरोबरीने बसवलं होतं.

मी फोनवर गाडी बोलावून पाहिली. त्या वेळी मुरारला यायला कुणी तयार होईना. टेम्पोच्या नाक्यावर नजर टाकून आले, एक टेम्पो उभा होता, त्यात एकच म्हातारा बसलेला. परत येऊन मी देवासमोर उभी राहिले. किल्ली हाताच्या अंतरावर होती. हात पुढे गेलाही, पण मी तो मागे घेतला. ज्या माणसाने माझ्या कॉलेजसाठी आपलं गाव सोडलं, त्याचा वर्षातला हा एक नियम होता. तो माझ्या हातून मोडायला नको होता. पण नोकरीही जायला नको होती.

बाबा धोतर नेसून पाटाशी बसले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तिकडे वाट कोण बघतंय?"

मी सांगितलं. एक आजी आहेत, साखरेच्या रुग्ण. रात्रीपासून पोटात काही नाही. मी रक्त घेतल्याशिवाय त्यांना चहासुद्धा घेता येत नाही.

बाबांनी तलवारीकडे पाहिलं. मग त्यांनी दोन अक्षता आणखी वाहिल्या, हात जोडले आणि किल्ली उचलली. ती त्यांनीच उचलली, हे मी कधी विसरणार नाही.

"उपाशी म्हातारी तिकडे बसलीय आणि आपण इकडे गाडीला हार घालून बघत बसायचं, हे काही ठीक नाही," ते म्हणाले. "पण एकटीने नाही जायचं, बेटा. पूजेतलं शस्त्र बाहेर काढलं की सोबत घरचं माणूस लागतं."

त्याआधी बाबा माझ्या मागे कधी बसले नव्हते. स्कूटर त्यांनीच आणलेली, पण बाजारात जायचं झालं तरी ते टेम्पोनेच जात. मुलीच्या मागे बसायचा संकोच असावा, मी कधी विचारलं नाही. आईने वरच्या भाडेकरूंकडून हेल्मेट मागून आणलं आणि त्यांच्या डोक्यावर बसवलं.

"धोतरावर हेल्मेट," ती म्हणाली. "तुमचे आजोबा बघतील तर काय म्हणतील?"

"म्हणतील, घोडा बदलला."

आम्ही निघालो. माळ सोडायला वेळ नव्हता, झेंडूच्या पाकळ्या उडून माझ्या गुडघ्यांवर पडत होत्या. ठाठीपूरपर्यंत बाबांनी मागची दांडी घट्ट धरली होती. पुलाच्या चढावर एक बस अगदी अंगावरून गेली, तेव्हा त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला आणि मग तिथेच राहिला. उजवीकडे किल्ला होता.

साडेसहाला चार मिनिटं कमी असताना हरिशंकरपुरममध्ये पोचलो. आजी गॅलरीतच उभ्या होत्या. माळ बघून वरूनच म्हणाल्या, "बिटिया, आज गाड़ी की शादी है क्या?"

बाबांनी हेल्मेट काढलं. कपाळावरचं गंध पुसलं गेलं होतं. आजींचं बोलणं त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते आलेल्या रस्त्याकडे बघत होते.

"रोज एवढं लांब येतेस?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि धोतराच्या सोग्याने स्कूटरचा आरसा पुसला, हळदीची बोटं सांभाळून.

साडेसातला मी लॅब उघडली. माझी ड्यूटी संपेपर्यंत, दुपारी दोनपर्यंत, बाबा स्कूटरशेजारी पायरीवर बसून होते. आत या म्हटलं तर म्हणाले, पूजेतली वस्तू एकटी कशी सोडायची. डॉक्टरसाहेबांनी येता-जाता दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा त्यांना चहा पाठवला. घरी परतल्यावर स्कूटर रांगोळीवर जशी होती तशी उभी केली, किल्ली पाटावर गेली, आणि दसऱ्याला लॅब बंद असल्यामुळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणी तिला हात लावला नाही. पक्कं पत्र पुढच्या महिन्यात आलं. बाबांनी तेही देवासमोर ठेवलं.

सोबत घरचं माणूस लागतं, हा नियम मी नंतर आईला विचारला. आत्यालाही फोन करून विचारला. असं काही आमच्या घराण्यात कुणी कधी ऐकलेलं नाही. बाबांना हे मी सांगितलेलं नाही. आता दर नवमीला ते आधी माझी ड्यूटी विचारून घेतात, पहाटे पूजा करतात, स्वतः किल्ली उचलतात आणि स्वतःचं हेल्मेट घालून माझ्या मागे बसतात.