दसऱ्याला बसवलेली पेटी

कंपनीत खुर्च्या आधी आल्या. चाकं लावलेल्या, निळ्या गादीच्या. मागनं माणसं आली, आणि काम सगळ्यांत शेवटी यायचं होतं ते वाटेतच कुठंतरी राहिलं.

मी उद्यमनगरात पत्र्याचं काम करायचो, यंत्रांच्या बाहेरच्या पेट्या. शाळा चौथीत सुटली, पण माझ्या हातची पेटी कधी परत आली नाही. बढाई म्हणून सांगत नाही. दोन हजार सालाच्या आसपास आमच्या शेडमधलं काम आटत चाललं होतं. त्याच दिवसांत एक तरुण गृहस्थ गाडीतून उतरला. परदेशात शिकून आलेला. मी केलेल्या पेटीचं दार त्यानं उघडून मिटून बघितलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. म्हणाला, "मामा, असं फिनिशिंग आम्हाला पाहिजे. आमच्याकडं या."

त्याला सगळे सर म्हणायचे. वयानं माझ्या थोरल्या पोराएवढा, पण मीही सर म्हणू लागलो. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर कंपनी होती. गावोगावच्या दूध संस्थांसाठी यंत्र करायचं होतं. शेतकऱ्यानं किटली ओतली की दुधाचं वजन आणि ज्यावर दर ठरतो ती फॅट त्याच्या समोर पडद्यावर दिसणार, वर चिठ्ठी छापून मिळणार. सेक्रेटरीच्या तोंडाकडं बघायची गरज नाही. सकाळ-संध्याकाळ संस्थेच्या रांगेत उभं राहून ज्यानं जन्मभर "आज फॅट कमी लागली" एवढंच ऐकलंय, त्यालाच कळेल ते यंत्र काय होतं. मला पहिल्या दिवशी कळलं. म्हणून गेलो. नुसत्या पगारासाठी गेलो असतो तर लवकर बाहेरही पडलो असतो.

मला कार्ड छापून दिलं, इंग्रजीत. 'हेड, प्रॉडक्शन' असं त्यावर आहे म्हणून सरांनी वाचून दाखवलं. माझ्या हाताखाली कोणी नव्हतं, तरी कार्ड मी वरच्या खिशात ठेवायचो.

यंत्राच्या आतलं सगळं एका पोरीकडं होतं. कळंब्याची, इंजिनिअर झालेली. तिच्या वस्तीत तिच्याआधी कोणी इंजिनिअर झालं नव्हतं. बुद्धविहारात सत्कार करून दिलेलं पेन ती रोज घेऊन यायची. मला मामा म्हणायची. बाकीची पोरं जाहिरात वाचून आलेली. त्यांना काय करायचं ते कोणी सांगितलंच नाही, मग ती कॉम्प्युटरवर पत्ते खेळायची आणि सरांची पावलं वाजली की पडदा बदलायची.

रोज सकाळी सर आम्हाला गोल करून उभं करायचे. उभ्यानं बोललं की वेळ वाचतो म्हणे. तासभर आमचे पाय भरून यायचे आणि चाकांच्या खुर्च्या मागं रिकाम्या. दर सोमवारी पांढऱ्या फळ्यावर नवीन चित्र निघायचं. आज दुधाचं यंत्र, पुढच्या सोमवारी साखर कारखान्याचा ऊसकाटा, त्याच्या पुढं गूळ वेबसाइटवर विकायचा.

पोरगी एकदा म्हणाली, "सर, म्हशीच्या दुधाला आकडा बरोबर येतोय, गाईच्या दुधाला हलतोय. दोन महिने मला एवढंच करू द्या."

"ते होईल गं. आधी वेबसाइट घे. बाहेरचे लोक वेबसाइट बघतात."

"आणि दूध?"

"दूध कुठं पळून चाललंय?"

पोरं हसली. ती हसली नाही. मला सरांनी पेटीचा रंग बदलायला लावला. निळी होती, पांढरी झाली. मग कोपरे गोल पाहिजेत म्हणाले. गोल केले. त्या कंपनीत पुरं झालेलं काम म्हणजे माझी पेटी, आणि तिच्यात घालायला काही नव्हतं.

आता गावचं सांगतो. आमचं गाव राधानगरीच्या रस्त्याला. दूध संस्थेचा चेअरमन माझा चुलतभाऊ. वार्षिक सभेत मी उठून उभा राहिलो आणि सांगितलं, आमच्या कंपनीचं पहिलं यंत्र आपल्या संस्थेत बसणार. कार्ड काढून चेअरमनच्या हातात दिलं. त्यानं ते उलटंसुलटं करून बघितलं.

मागनं कोणीतरी विचारलं, "ह्यो शबूद तुझा का तुझ्या सायबाचा?"

"माझा," मी म्हणालो.

दसऱ्याला बसवायचं ठरलं. दसरा जवळ आला तरी आत काही नव्हतं. इथं आमच्या धंद्याची एक रीत सांगितली पाहिजे. उद्यमनगरात इंजिन तयार नसलं तरी गिऱ्हाईक दसऱ्याचा मुहूर्त चुकवत नसे. नुसतं बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं धूड घरी न्यायचं, हार घालायचा, नारळ फोडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुरं करायला शेडमध्ये परत आणून टाकायचं. दिवाळीपर्यंत इंजिन पाणी उपसायला लागायचं. मी जन्मभर हे बघत आलो. रीत खोटी नव्हती. त्या रीतीच्या मागं काम करणारी माणसं होती.

तशीच रिकामी पेटी नेऊ असं सरांना सांगितल्यावर ते खूश झाले. पोरगी मात्र जिन्यात आडवी आली. "मामा, नेऊ नका. आत काय न्हाय हे मला ठावं हाय, तुम्हाला ठावं हाय."

"पोरी, धूड आधी जातं. जीव मागनं घालायचा."

"जीव कोण घालणार? मी? मला तर सोमवारपासनं ऊसकाट्यावर टाकलंय."

"मी हाय की. रोज सरांच्या मागं लागतो."

ती बाजूला झाली. टेम्पोत पेटी मी माझ्या हातानं चढवली, घरच्या गोधडीत गुंडाळून.

दसऱ्याला संस्थेत गर्दी झाली. भिंतीला चार बोल्ट मारून पेटी बसवली. हळदीकुंकू, झेंडूचा हार, नारळ. सरांनी फोटो काढले. पेटीजवळ चेअरमन, मग मी, मग सगळी मंडळी. म्हातारी माणसंसुद्धा पेटीला हात लावून नमस्कार करून गेली. त्या दिवशी मला सरांच्या डोक्यात काय चाललंय ते ओळखता आलं नाही. फोटो छापून आला आणि मग कळलं. चकचकीत कागदावर पेटी आणि खाली इंग्रजी. पोरीनं वाचून सांगितलं, "पहिलं यंत्र यशस्वीपणे बसवलं, असं लिवलंय."

म्हणजे सरांच्या लेखी ते काम संपलं होतं. जो कोण पाहुणा येईल त्याला तो कागद दाखवायचा. मी रोज विचारायचो, सर, आतलं कधी? ते म्हणायचे, पुढच्या आठवड्यात. एकदा तर म्हणाले, "मामा, ते बसलंय ना? मग?"

गावात दिवाळी गेली. रांगेत मी किटली घेऊन उभा राहिलो की सुरू व्हायचं.

"काय मर्दा, टीव्ही कवा लागायचा?"

"देव्हारा हाय त्यो, टीव्ही न्हवं. उदबत्ती लाव म्हणावं सायबाला."

"हेड हाय आमचा मामा. हेडला इचारायचं नसतंय."

मी खाली बघत नव्हतो. येणार म्हणून सांगायचो. घरची म्हणायची, दुसरीकडं बघा कुठंतरी, शेडमध्ये अजून तुम्हाला ठेवून घेतील. मी ऐकलं नाही. पगार सगळ्यांचेच थकले होते. पत्ते खेळणारी पोरं एकेक करून गेली, रिकाम्या खुर्च्या वाढत गेल्या. मी मात्र जात होतो. मी उठलो तर त्या पेटीचं नाव काढणारं तिथं कोण राहणार होतं?

उन्हाळ्यात पोरगी पुण्याला निघाली. जाताना तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली हिरवी पाटी माझ्यासमोर ठेवली, तारा लोंबत असलेली. ती यंत्राच्या आतली होती.

"तुमच्या पेटीत बरोबर बसती मामा. माप घेऊनच केली हुती. पर चालत न्हाय."

"किती राहिलंय?"

"मला करू दिलं असतं तर दोन महिन्यांचं." मग पिशवी उचलत म्हणाली, "आता तिथं जाऊन दुसऱ्याचं काय तरी करीन. ह्याच्यावरचं मन उडालंय." पेन तिच्या खिशाला नव्हतं.

पाऊस सुरू होता होता एका सकाळी वरच्या मजल्यावरची कंपनीच्या नावाची पाटी उतरवलेली दिसली. दवाखान्याचा कंपाउंडर म्हणाला, साहेब बेंगळूरला गेले, खुर्च्या टेम्पोतून नेल्या. कुलूप नवीन होतं. मी जिन्यात थोडा वेळ बसलो आणि एसटीनं गावी आलो.

संध्याकाळच्या दुधाला मी किटलीबरोबर पाना घेऊन गेलो. शब्द माझा होता. पेटी उतरवायची तर मीच उतरवणार होतो. रांग सोडून पुढं गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. कंपनी बंद झाली. ह्या पेटीत काही नाही, कधी नव्हतं. पेटी मी घेऊन चाललो.

मला वाटलं होतं शिव्या बसतील. त्याची तयारी ठेवली होती. एकानं नुसती किटली ह्या हातातनं त्या हातात घेतली.

चेअरमन म्हणाला, "आत काय न्हाय ते दसऱ्यादिशीच ठावं हुतं की. वायर कुठं जोडलीती त्याला?"

"मग बसवून का घेतलासा?"

"तू म्हटलास म्हणून. मुहूर्त हुता, नारळ फोडला, झालं. यंत्र येणार असं हितं कोण धरून बसलंय? तुझ्याबिगर कोण न्हाय गड्या."

"मी सभेत शब्द दिलता."

"दिलतास. सभेत समदीच देत्यात." तो चिडला नव्हता. समजूत घालावी तसं बोलत होता. "पाना ठेव खिशात. पेटी राहू दे, दार झ्याक लागतंय तिचं. सेक्रेटरी डबा ठेवतोय त्यात, उंदीर शिरत न्हाय."

मागनं कोणीतरी म्हणालं, "मामा, रांगेत या. दूध नासंल."

वर्षभर मी जे ओझं वाहत होतो ते त्यांनी कधी माझ्या डोक्यावर ठेवलंच नव्हतं. मी रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. माझी पाळी आल्यावर किटली पुढं सरकवली. सेक्रेटरीनं पेटीचं दार एका बोटानं मिटलं, आणि माझी फॅट सांगितली. कमी होती. मी रिकामी किटली घेऊन घरी आलो.