माझं पडणं, त्यांचं शिकणं

शारजात मी एका शुक्रवारी सतरा वेळा शिडीवरून पडलो, आणि सतराही वेळा बायकोच्या सांगण्यावरून.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपच्या कारखान्यात मी ट्रेनिंग ऑफिसर म्हणून लागलो होतो. सहा महिने प्रोबेशन. पक्का झालो नाही, तर अल मजाजचा फ्लॅट सोडून, मुलीची दहावी अर्धवट टाकून थेट पुणे! त्यात आमच्या लेबनीज जनरल मॅनेजरना ऑनलाइन ट्रेनिंगचं वेड लागलं. "हबीबी, शिडीच्या सेफ्टीवर कोर्स बनव. एंगेजिंग पाहिजे. लोक झोपले, तर खलास!" खलास कोण होणार, हे विचारायची गरज नव्हती.

मी कोर्स कसा बनवावा याचं पुस्तक आणलं. त्यात म्हटलं होतं, आधी उद्दिष्ट ठरवा. 'कामगाराला समजेल' असं लिहायचं नाही, कारण समजलेलं दिसत नाही. मग मी लिहिलं, 'कोर्स संपल्यावर कामगार करून दाखवेल.' काय, ते पुढे दोन पानं. (या वाक्याला मला चार दिवस लागले. हसू नका!)

"आणि उत्तर चुकलं की काय होणार?" बायकोने, म्हणजे शुभांगीने विचारलं.

"लाल अक्षरात 'चूक' येणार."

"शी! त्यापेक्षा तुम्ही पडा."

"मी?"

"मग काय मी पडू?"

"बाबा, इट विल बी सो फनी!" लेकीने, मृण्मयीने, निकाल देऊन टाकला.

झालं! शुक्रवारी हॉलमध्ये वॉचमनची शिडी आली, खाली गाद्या आल्या. शुभांगी व्हिडिओ कॅमेरा घेऊन उभी. "पोट आत घ्या! चेहरा घाबरलेला करा! अहो, हा तर तुमचा नेहमीचाच झाला!" सतराव्यांदा गादी सरकली आणि मी खरोखरच फरशीवर आपटलो. "आई गं, मेलो!"

"परफेक्ट!" मायलेकी एका सुरात ओरडल्या. मृण्मयीने ते पडणं त्या आवाजासकट सगळ्या चुकीच्या उत्तरांना जोडलं. बरोबर उत्तराला नुसतं हिरव्या अक्षरात 'पुढे जा'.

कोर्स सुरू झाला आणि कॉम्प्युटर रूमबाहेर रांग लागली. लोक जेवण सोडून शिकत होते! मी हवेत. आठवड्याने स्टोअरकीपर दाऊदभाई (रत्नागिरीचे, त्यामुळे तोंडावर बोलणारे) निकाल घेऊन आले.

"जोशीसाहेब, चाळीस माणसं. सगळी नापास."

"सगळी?"

"बरोबर उत्तर दिलं की तुम्ही पडत नाय ना! मीच चार वेळा नापास झालो."

तेवढ्यात मॅनेजरचं बोलावणं आलं. गोदामात सगळे कामगार जमले होते आणि मधोमध शिडी. माझंच वाक्य वाचून मॅनेजर गरजले, "करून दाखवेल? यल्ला, दाखवा!"

पेशावरचा एक पठाण दोन पायऱ्या चढला, पोट आत घेतलं, डोळे पांढरे केले आणि खाली लोळत अस्सल मराठीत ओरडला, "आई गं, मेलो!" मग मल्याळी फोरमन. मग फिलिपिनो वेल्डर. चाळीस माणसं, चाळीस वेळा माझी आई! मराठीचा एवढा प्रसार आखातात कुठल्या मंडळाने केला नसेल. मला मात्र रडू येत होतं. डोळ्यांपुढे सामानाचे खोके दिसत होते. मॅनेजर हसून हसून खुर्चीवरून घसरले.

पण त्यांनी एक गोष्ट हेरली होती. त्या आठवड्यात कारखान्यात कोणी शिडीवर पाय ठेवला, की खालचे चौघे "आई गं!" ओरडायचे, आणि तो गुपचूप उतरून शिडी तपासायचा. दुसऱ्या दिवशी पत्र आलं, नोकरी पक्की! खाली एक ओळ होती, पुढचा कोर्स फोर्कलिफ्टचा, आणि जोशींनी स्वतः फोर्कलिफ्टखाली यावं.

मी धावत घरी गेलो. शुभांगीने पत्र दोनदा वाचलं. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, चला, अखेर हिला माझी काळजी वाटली.

"अहो," ती म्हणाली, "या वेळी शर्ट तरी बरा घाला!"