'वेला'चा दुसरा अर्थ

स्पॅनिश शिकायला मी अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. वर्ग अशोका गार्डनमध्ये, एका शिलाई मशीनच्या दुकानावर. आम्ही चौदा जण. माझ्याखेरीज सगळे कॉलेजातले, इथले हिंदी बोलणारे. सर इंदूरचे मराठी, चाळिशीच्या आसपासचे. व्याकरणाचं पुस्तक ते वापरत नसत. स्पेन आणि दक्षिण अमेरिकेतली जुनी लोकगीतं देवनागरीत लिहून, समोर हिंदी अर्थ देऊन, त्यांच्या झेरॉक्स वाटत. गाणं पाठ झालं की भाषा येते, असं त्यांचं म्हणणं. ते बरंचसं खरं निघालं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला एका ओळीचा अर्थ विचारला. ओळीत 'कासार' हे क्रियापद होतं. आदल्या आठवड्यात ते लग्नाच्या गाण्यात आलं होतं: लग्न करणे. आमच्याकडे लग्न ठरलं की बांगड्या भरायला कासार येई, त्यामुळे हा शब्द मला पाठ करावाच लागला नव्हता. मी सांगितलं, "मुलगा डोंगरावर हरिणीशी लग्न करायला गेला."

तो शिकारीला गेला होता. दक्षिण अमेरिकेत 'लग्न करणे' आणि 'शिकार करणे' या दोन्ही क्रियापदांचा उच्चार एकच. फरक एका अक्षराचा, तो रोमन लिपीत दिसतो. सरांच्या झेरॉक्सवर तो दिसायची सोय नव्हती.

"वा, विहीणबाई!" सर म्हणाले. "हरिणीकडच्यांनी मानपान नीट केला ना?" मग वर्गाकडे वळून, "विहीणबाई मतलब समधन. इन्होंने लड़का हिरनी के घर ब्याह दिया."

मुलं हसली. अर्थ ती लवकरच विसरली, नाव राहिलं. जिन्यात, खालच्या चहाच्या टपरीवर: "नमस्ते, विहीनबाई." सर हजेरीतही तेच पुकारत. एकदा त्यांना बाजूला घेऊन मी हे थांबवायला सांगितलं.

"अहो, गंमत हो. मनावर काय घेता, विहीणबाई?"

पुढच्या तासाला त्यांनी माझ्या तक्रारीची नक्कल करून दाखवली.

तेव्हापासून मी खरा अभ्यास सुरू केला. प्रत्येक गाण्याचा रोमन पाठ शोधायचा, प्रत्येक शब्दाचे शब्दकोशातले सगळे अर्थ वाचायचे. हेतू एकच होता: सरांची एक चूक मिळावी आणि ती चारचौघांत मांडता यावी. आठ महिने लागले.

गाणं कोळ्यांचं होतं. त्यात 'वेला' वर चढवायची होती. वेला म्हणजे मेणबत्ती, आणि वेला म्हणजे शीड. झेरॉक्सवर छापलं होतं: मछुआरा मोमबत्ती ऊपर उठाता है. वार्षिक कार्यक्रमासाठी सरांनी हेच गाणं निवडलं. तालमीच्या पहिल्या दिवशी मेणबत्त्यांचं खोकं आलं. मी बोलले नाही.

कार्यक्रम टी. टी. नगरच्या एका सभागृहात होता, रविवारी सकाळी अकराला. पालक आले होते. पाहुण्या म्हणून कोलंबियाच्या एक संशोधक बाई होत्या. ज्योती विझू नयेत म्हणून सरांनी सगळे पंखे बंद करायला लावले. बाई कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत होत्या. "विहीणबाई, वयाचा मान तुमचा," असं म्हणून गाण्याची ओळख स्पॅनिशमध्ये करून द्यायचं काम सरांनी मला दिलं होतं.

मी म्हटलं, "या गाण्यात कोळी शीड चढवतो आणि वारा मागतो. आमच्या सरांनी मेणबत्ती वाचली, म्हणून पंखे बंद आहेत."

बाईंनी तोंडावर हात धरला, तरी हसू फुटलं.

"क्या बोलीं, सर?" पहिल्या रांगेतून एका वडिलांनी विचारलं. "हमें भी बताइए."

सर झेरॉक्सवर ती ओळ शोधू लागले. तेव्हा मीच हिंदीत सांगितलं. सभागृह हसलं, मुलंही हसली. पुढे उभ्या असलेल्या मुलीच्या बोटांवर मेण ओघळत होतं. मेणबत्ती खाली ठेवावी की नाही हे तिला कळत नव्हतं. ते मी पाहिलं, आणि सरांकडे पाहत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. मला बरं वाटलं. आजही वाटतं.

पुढच्या आठवड्यात सरांनी दुरुस्त झेरॉक्स वाटली. माझ्यापर्यंत आले तेव्हा म्हणाले, "घ्या, मॅडम. आता बरोबर आहे ना?"

ते उभे होते. मी त्यांना तसंच उभं ठेवून कागद सावकाश वाचला, आणि तिसऱ्या ओळीवर लाल खूण केली.