सावंत सगळं बंद करतो

सावंतचे किस्से असे साठलेत की एक काढायला जावं तर मागचे चार आपणहून उठून उभे राहतात. चारकोपला आमच्या सेक्टरमधल्या बाकड्यावर रोज संध्याकाळी आम्ही तिघं बसतो. मी, सावंत आणि कांबळे. तिघंही इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लास्टिकचे डबे बनवायच्या कारखान्यात होतो. शाळेने मला आठवीतच हात जोडले, त्यामुळे क्रमाबिमाने सांगता येणार नाही.

*

शिफ्ट संपली की बटणं बंद करायचं काम सावंतचं. मशीन, पंखे, ट्यूब, काही सुटायचं नाही. एकदा सुपरवायझर संडासात असताना ह्याने मेन स्विच पाडला, शटर ओढलं आणि निघाला. आतून आरडाओरडा! शटर वर केलं तर साहेब घामाने निथळतायत. सावंत शांतपणे म्हणाला, "जायचं होतं तर सांगून जायचं ना साहेब. उगाच लाइट जळत होती."

*

रिटायर झाल्यावर मुलीने, मनीषाने, त्याला स्मार्टफोन दिला. पहिल्याच दिवशी त्याला शोध लागला की एक ॲप सोडून दुसऱ्यात गेलं तरी पहिलं मागे तसंच असतं. "ह्या सगळा चालूच आसा रे मेल्या!" म्हणून तो बाकड्यावरून उठलाच.

तेव्हापासून दर दोन मिनिटांनी अंगठ्याने सगळी ॲप वर ढकलायची, बाहेर. ह्याला तो 'कचरा काढणं' म्हणतो. आपल्या फोनमधला काढून झाला की आमच्या फोनमधला काढतो. विचारत नाही.

मी हळूच पिल्लू सोडलं, की नुसता कचरा काढून भागत नाही, फोनला गारवा पण लागतो. दुसऱ्या दिवशी वहिनींचा मला फोन. "भावजी, ह्यांनी फोन ओल्या फडक्यात गुंडाळून माठावर ठेवलाय. आता त्याला ताक पण पाजू का?"

*

एका लग्नाला आरे कॉलनीतून रिक्षाने निघालो. हॉल कुणालाच माहीत नाही. कांबळेने फोनवर मॅप लावला आणि चष्मा पुसायला फोन सावंतच्या हातात दिला. संपलं! मॅपवाली बाई बोलायची बंद झाली. आम्हाला वाटलं, सरळच जायचं असेल. सरळ गेलो ते तबेल्यात. लग्नाचे कपडे घालून तिघं म्हशींसमोर उभे.

"नुसतंच चालू होतं, कुणी बघत नव्हतं," सावंत म्हणाला, "म्हणून बंद केलं."

*

शेवटी मनीषाने तिघांना बसवून समजावलं. मागची ॲप झोपलेली असतात, त्यांना फोन सांभाळतो. रोज हाकलून परत उघडली तर उलट बॅटरी जास्त जाते. मेमरी कमी पडली तर बरेच दिवस न उघडलेलं ॲप फोन स्वतःच बाहेर काढतो. सावंतला काही पटेना.

तेव्हा कांबळेने विचारलं, "जेवणाच्या सुट्टीत मशीनचा हीटर कधी बंद केलास का रे?"

"येडा आहेस काय? परत तापेपर्यंत बोंब."

"मग फोनचं पण तेच."

त्या हीटरवर वितळणाऱ्या प्लास्टिकचा वास तिघांच्याही नाकात आला असणार, कारण तिघांनीही एकदमच कारखान्याच्या दिशेला बघितलं. कारखान्याच्या जागी आता जिम आहे. काचेमागे पोरं धावतात आणि कुठेच पोचत नाहीत.

मग सावंत म्हणाला, "पण शिफ्ट संपल्यावर?" आणि तिघांच्या फोनमधला कचरा काढला.

*

सावंतच्या फोनवर आम्ही लुडो खेळतो. एकच फोन, हातोहात फिरतो. एका संध्याकाळी कांबळेची पाळी होती. फोन घ्यायला हात पुढे केला आणि तोच हात छातीवर नेला. हॉस्पिटल, बायपास, सगळं झालं.

सावंतने तो डाव बंद केला नाही. सावंतने! फोन सतत चार्जिंगला. दुसरं काही उघडायचं नाही, न जाणो मेमरी कमी पडली आणि डाव बाहेर गेला तर. कॅमेरा नाही, व्हॉट्सॲप नाही. पुतणीच्या साखरपुड्याचे फोटोसुद्धा बघितले नाहीत. फोन वाजला तरी उचलेना, म्हणून येताना कुठली भाजी आणायची ते वहिनी मला फोन करून सांगायच्या.

मी गंमत म्हणून त्याचा फोन उचलला आणि म्हटलं, "थांब, जरा कचरा काढतो." त्याने माझं मनगट धरलं. मी फोन खाली ठेवला. आयुष्यात एवढी एकच मस्करी अर्धवट सोडलीय मी.

कांबळे आला. बायकोचा हात धरून, पावलं मोजत, बाकड्याच्या मधोमध बसला. सावंतने फोन त्याच्या मांडीवर ठेवला.

"घे. तुझी पाळी."

कांबळेने चष्मा लावला. सावंतच्या तीन सोंगट्या घरी पोचलेल्या. कांबळेची एकच बाहेर, तीही सावंतच्या तोंडाशी. त्याने डाव बराच वेळ बघितला. मग सावंतकडे बघितलं. मग अंगठ्याने सगळा डाव वर ढकलून दिला.

"कचरा काढला," म्हणाला. "नवीन मांड. लाल माझा."