पाखरासाठी बंद केलेला कूलर

नवा पक्षी घाबरलेला असतो, त्याच्याभोवती शांतता ठेवा, असं मी मोबाईलवर वाचलं आणि ऐन मे महिन्यात हॉलमधला कूलर बंद केला. नागपुरात असं करणाऱ्याला बरं आहे ना, असं तरी विचारतात. बायकोनं तेही विचारलं नाही. तिनं टॉवेल ओला करून डोक्यावर घेतला.

पक्षी म्हणजे हिरवा बजी. आमच्याकडे सगळे त्याला लव्हबर्ड म्हणतात. हा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसायचा. कांगणीच्या दाण्यांची वाटी भरलेली तशीच. मी टाचा उचलून चालायचो, चहा आवाज न करता प्यायचो, शिंक आली की बाथरूमकडे धावायचो. मी जितका शांत, तितका तो दगड.

"मरते हे पाखरू," बायको म्हणाली. "उद्याही खाल्लं नाही, तर दुकानात परत देऊन या." आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

त्याच दुपारी कळमेश्वरहून माझी मोठी बहीण आली. दारातच थबकली.

"काहून गा, कूलर बिघडला काय?"

"नाही वं ताई, पाखराले शांतता लागते."

"अन् मले? त्याले पंख आहेत, मले बीपी आहे!" म्हणत तिनं बटण दाबलं.

आमचा जुना लोखंडी कूलर सुरू होताना चढावर अडलेल्या ट्रकसारखा गुरगुरतो. मी पिंजऱ्याकडे धावलो. पाखरू मान तिरकी करून ऐकत होतं. मग एक चिवचिव. मग कूलरशी जुनी ओळख निघाल्यासारखी बडबड. आणि वाटीवर उतरून ते कटकट दाणे फोडू लागलं.

मी चक्रावलो. हे पाखरू जिथून आणलं, त्या दुकानातला शेकडो पाखरांचा कालवा आठवला. झाडावरची पाखरं एकदम गप्प कधी होतात? वर ससाणा फिरत असला की. म्हणजे इतके दिवस मी त्याला ससाणा आला, ससाणा आला हेच सांगत होतो. तेही दबक्या पावलांनी!

मग कूलर सुरू ठेवून मी पिंजऱ्याशेजारी मोठ्यानं पेपर वाचू लागलो. असे बरेच दिवस गेल्यावर एकदा तळहातावर दाणे घेऊन हात आत घातला. पाखरू सरकत सरकत जवळ आलं, आणि लाईन गेली. कूलर बंद. पाखरू पिसं अंगाला चिकटवून काडीसारखं बारीक झालं. हात मागे घ्यावा तर सगळं मुसळ केरात. मी बोलत सुटलो. भाजीचे भाव, ताईचा बीपी, जे सुचेल ते.

"कोणाशी बोलून राहिले?" स्वयंपाकघरातून बायको.

"तूही बोल! काहीही बोल. मला शिव्या दे!"

तिला विचार करावा लागला नाही. उकाड्यात काढलेले ते सगळे दिवस भडाभडा बाहेर आले. पाखराची पिसं हळूहळू फुलली. त्यानं एक पाय माझ्या बोटावर ठेवला. मग दुसरा. इतकं हलकं, की बघितल्याशिवाय खरं वाटेना.

बोलत बोलतच बायको दारात आली आणि गप्प झाली.

"थांबू नको," मी ओठ न हलवता म्हणालो.

"अन् आंघोळ झाली की ओला टॉवेल," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "रोज पलंगावर कोण टाकते?"

पाखरानं मान तिरकी केली.