बसून म्हणायचा पाढा

आमच्या घरात दुपारी बोलायला बंदी होती. नवऱ्याचं ऑफिस त्या काळच्या तिथल्या रिवाजाप्रमाणे दोन पाळ्यांत चाले. सकाळी जायचं, दुपारी घरी येऊन जेवून झोपायचं आणि ऊन कललं की पुन्हा कामावर. मुलगा शाळेच्या व्हॅनमधून उतरे तो नेमका या झोपेच्या वेळेला. अंधारात उठून गेलेलं, दिवसभर बाकावर कोंबून बसवलेलं पोर दारातून आत आलं की माझ्या तोंडून पहिला शब्द निघे, "शू." बिचाऱ्याला आईचं स्वागत म्हणजे काय, तर एवढंच.

शारजातला, अल मजाजमधला तो फ्लॅट खूप उंचावर होता. खिडकीतून खालिद लगूनचं पाणी दिसे, पण खिडकी उघडावी अशी हवा वर्षातले थोडेच महिने असे. कॉरिडॉरमध्ये चेंडू टाकला की वॉचमन वर येई. घरात उडी मारली की खालच्या मजल्यावरचे लोक झाडूच्या दांड्याने छत ठोकत. मग मुलगा सोफ्याच्या पाठीवर चढून तिथून उशांवर पडायला शिकला, जराही आवाज न करता. एवढी युक्ती ज्याला सुचते त्याच्या डोक्यात काही कमी असेल, असं मला कधी वाटलं नाही.

मी लग्न होऊन तिथे गेले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा अशा मुलांना टीचर 'नॉटी' म्हणत आणि आपल्याकडे वांड म्हणत. दोन धपाटे घातले की विषय संपे, निदान घालणाऱ्याच्या बाजूने तरी. दहा वर्षांनी चित्र पालटलं. शुक्रवारी आम्ही मराठी बायका कुणा एकीच्या घरी जमायचो, तिथे पोह्यांच्या बश्या फिरता फिरता कुणीतरी हळूच म्हणे, "आमच्या धाकट्यालापण तेच सांगितलंय." 'तेच' म्हणजे एडीएचडी, मूल एका जागी बसत नाही, लक्ष टिकत नाही ते. आधी एका घरात, मग दुसऱ्या, मग लिफ्टमध्ये भेटणाऱ्या पंजाबी बाईच्या घरातही. एखादी म्हणे, हे शाळांनी काढलेलं फॅड आहे, मास्तरणींना वर्ग सांभाळता येत नाही म्हणून. दुसरी टीव्हीला बोल लावी, तिसरी चॉकलेटना.

मला या सगळ्या बोलण्याचा संताप येई. अशी मुलं आधीही होती, त्यांना मार मिळे आणि पुढे ती कुठे जात हे कुणी विचारत नसे. आता त्यांना नाव मिळालं, यात वाईट काय? पण दुसऱ्या बाजूला, जिथे पोराला पळायला हातभर जमीन नाही तिथे ते पळत सुटलं तर लगेच पोरातच बिघाड शोधायचा, हेही मला पटत नव्हतं. तेव्हाही मला याचं उत्तर माहीत नव्हतं, आणि आजही ते पुरतं माहीत आहे असं मी म्हणणार नाही.

तिसरीच्या वर्षी वर्गशिक्षिकेने आम्हा दोघांना बोलावलं. बाई वाईट नव्हती, थकलेली होती. ती म्हणाली, "ही इज अ स्वीट बॉय, पण बसत नाही. एक गणित अर्धं सोडून दुसऱ्याच्या बाकावर जातो." पुढच्या वर्गात घ्यायचं तर डॉक्टरांना दाखवून या, नाहीतर शाळेला विचार करावा लागेल, असं तिने अगदी हळू आवाजात सांगितलं.

गाडीत बसल्यावर नवऱ्याने दार आपटलं. मग म्हणाला, "लक्ष नाही म्हणे! माझ्या पोराला एकोणतीसचा पाढा येतो. तिच्या वर्गात कुणाला येतो, विचार तिला."

हे मात्र खरं होतं. पाढे हा आमच्या घरातला धर्म होता. नवऱ्याच्या गावी संध्याकाळी दिवा लागला की मुलांनी ओळीने बसून पाढे म्हणायचे, ज्याला एकोणतीसचा आला तो हुशार आणि चुकला तो ढ, असा सरळ हिशेब. इथे मुलं बोलतात इंग्रजी, पाढे कॅल्क्युलेटरवर करतात, पण नवऱ्याने हट्टाने मराठी पाढे शिकवले. शुक्रवारी सकाळी दोघे लगूनच्या काठाने फिरायला जात. नवरा भरभर चाले, मुलगा कठड्यावर हात घासत, मध्येच उड्या मारत पुढे पळे. "यल्ला, चल, सतरा," असं बाप म्हणाला की मुलाचं सुरू होई. दोघे घामाने चिंब होऊन परत येत, तेव्हा त्यांची तोंडं इतकी खूश असत की मला हेवा वाटे.

त्या रात्री जेवताना नवऱ्याने निर्णय सांगून टाकला. "जुलैत सुट्टीला जाऊ तेव्हा ह्याला गावाला ठेवू. दादा आहे, वहिनी आहे. तिथे अंगण आहे, शाळा आहे. हे डॉक्टर-बिक्टर खलास."

यात जगावेगळं काहीच नव्हतं. आमच्या बिल्डिंगमधली कितीतरी मुलं अशी गावी ठेवलेली होती. त्यांच्या आया शुक्रवारी हसत असत, फोनवर बोलत असत आणि वर्षातून एकदा सुट्टीत जाऊन आपलं मूल किती उंच झालं ते बघत असत. मी त्यांची तोंडं जवळून पाहिली होती. मी सरळ सांगितलं, "मी नाही ठेवणार."

बरेच दिवस रात्री दार लावून आम्ही भांडत होतो. शेवटी ठरलं ते असं की एकदा डॉक्टरला दाखवायचं. डॉक्टर म्हणाली मुलगा ठीक आहे, तर शाळेशी भांडायला नवरा तयार होता. काही आहे म्हणाली, तर मुलगा गावी राहील. तो याला कबूल झाला, कारण आपण जिंकणार याची त्याला खात्री होती. एकोणतीस त्याच्या खिशात होता.

बर दुबईतल्या त्या क्लिनिकमध्ये डॉक्टर बाई मल्याळी होत्या, आमच्याशी हिंदीत बोलत. त्यांनी मुलाला चित्रं दाखवली, ठोकळे दिले, आम्हाला खूप काही विचारलं. मुलगा टेबलाखालून जाऊन पडद्याच्या दोरीशी पोचला. नवऱ्याला राहवेना. "मॅडम, एक मिनिट. आप इसका पहाडा सुनिये. अरे, एकोणतीस म्हणून दाखव."

मुलगा लगेच सुरू झाला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. भिंतीवरून हात फिरवत, वजनकाट्यावर चढून उतरत, खोलीला वेढे घालत तो कुठेही न अडखळता शेवटपर्यंत गेला. बाईंना मराठी कळत नव्हतं, पण त्या मन लावून ऐकत होत्या. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते वेगळं सांगायला नको.

"बहुत अच्छा," बाई म्हणाल्या. "अब उसको बोलो, कुर्सी पे बैठ के बोले."

मुलगा खुर्चीत बसला. एकोणतीस एके, एकोणतीस दुणे. पाय हलायला लागले. त्रिकाशी तो थांबला, पुन्हा पहिल्यापासून निघाला, पुन्हा तिथेच थांबला. नवरा ओठांनी सुचवत होता, पण मुलाला ते दिसतच नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी आपले गुडघे घट्ट दाबून धरले, चेहरा लाल झाला, आणि तो बापाकडे वळून म्हणाला, "बाबा, आय विल सिट. आय अ‍ॅम सिटिंग, सी? डोन्ट सेंड मी टू काका."

आम्हाला वाटत होतं की याला यातलं काही ठाऊक नाही. बंद दाराआडचं आमचं सगळं भांडण, ज्याचं कशात लक्ष नाही म्हणत होते, त्याने शब्दन् शब्द ऐकलं होतं. आणि इथे पाढा चुकला की आपल्याला गावी ठेवणार, असं त्याने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. मला बाईंसमोर रडू आलं. मी ते आवरलं नाही.

बाई उठल्या, मुलाला खुर्चीतून उतरवलं आणि त्याला बाहेर काचेच्या टाकीतले मासे बघायला पाठवलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "उसको सब आता है. बैठने में ही उसकी पूरी ताकत खर्च हो जाती है. आपने उसको चलते चलते सिखाया, वो सही किया. लेकिन स्कूल में चलने कौन देगा?" त्यांनी नाव सांगितलं, तेच. गोळ्यांबद्दल सांगितलं, घाई नाही म्हणाल्या. टीचरशी आपण बोलू, त्याला मध्ये मध्ये उठू देतील, असंही म्हणाल्या. नवऱ्याने एकाही गोष्टीवर वाद घातला नाही. पार्किंगमध्ये आल्यावर त्याने मुलाला उचलून कडेवर घेतलं, इतका मोठा झालेला मुलगा, आणि गाडी कुठे लावली होती तेच विसरून आम्ही उन्हात बराच वेळ फिरलो.

गावी ठेवायचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. मुलाला जवळ बसवून त्याने सांगितलंही, "तुला कुठे ठेवणार नाही." मुलगा "ओके" म्हणाला.

जुलैत आम्ही गावी गेलो. महिनाभर मुलगा अंगणात, गोठ्यात, चुलत भावंडांमागे उधळलेला होता. मोठे दीर म्हणाले, "ह्याला काय धाड भरलीय? चांगला तर आहे." खरंच, तिथे तो चांगलाच होता. क्षणभर मला भीती वाटली की नवऱ्याचं मन फिरेल.

निघायच्या दिवशी विमानतळावर न्यायला जीप सकाळीच येऊन उभी राहिली. निघायचं होतं दुपारी जेवून. मी बॅगा भरत होते, तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "पोरगं दिसत नाही गं." विहिरीपासून माळ्यापर्यंत सगळे हाका मारत सुटले. शेवटी नवऱ्याला तो सापडला. जीपच्या मागच्या सीटवर, कोपऱ्यात, बूट घालून, मांड्यांखाली हात दाबून बसला होता. "उतर, अजून वेळ आहे," म्हटलं तर त्याने मान हलवली. भावंडं खेळायला बोलवून गेली, कुत्र्याचं पिल्लू आणून दाखवलं, तरी तो हलला नाही. पत्रा तापत गेला तसा त्याचा शर्ट पाठीला चिकटला. ज्या पोराला खुर्चीत एक पाढा पुरा करता येत नव्हता, ते पोर त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत तिथे बसून होतं.

नवरा आधी दाराशी उभा राहून समजावत होता. मग तो आत त्याच्या शेजारी जाऊन बसला. आम्ही बापलेकांची ताटं जीपमध्येच नेऊन दिली.